खाडीकाठची दोस्ती : परक्यांच्या दृष्टीने मराठी राज्य

अमक्या राज्याने तमक्या राज्याशी मैत्रीचा तह केला, असे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. विद्यार्थी त्या तहाचा सन पाठ करतो व पुढच्या प्रकरणाकडे वळतो. परंतु मैत्रीचा हात पुढे करणाऱ्यास समोरच्या माणसात नेमके काय दिसत होते, त्याच्या बळाची त्याने काय किंमत केली होती आणि त्याच्या कोणत्या वस्तूवर त्याचा डोळा होता, हे त्या एका ओळीत येत नाही. वस्तुतः तेच जाणण्यासारखे असते. त्याचा शोध घेण्यासाठी लंडन-पॅरिसच्या दप्तरखान्यांपर्यंत धावण्याचेही कारण नाही. ठाण्याची खाडी, कल्याणचे बंदर आणि वसईचा कोट एवढ्या चिमुकल्या टापूत मराठी राज्याच्या परकीय दोस्तीचा जवळजवळ सगळा इतिहास घडलेला आहे. ठाण्याहून डोंबिवली-कल्याणकडे रोज आगगाडीने जाणाऱ्या सहस्रावधी लोकांस खिडकीतून जे खाडीचे पाणी दिसते, त्याच्यासाठी तीन युरोपीय राष्ट्रांच्या लेखण्या व तोफा शतकानुशतके झिजल्या, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

या टापूला दोस्तीचा पहिला चटका मराठी राज्याच्या उदयापूर्वीच बसला होता. गुजराथचा सुलतान बहादूरशहा यास हुमायून बादशहाची धास्ती पडली, तेव्हा त्याने पोर्तुगीजांस आपल्या बाजूला घेण्यासाठी १५३४ च्या डिसेंबरात वसई आणि तिच्याखालची बेटे त्यांस तोडून दिली. साष्टी, ठाणे, मुंबई ही त्यातच आली. पुढच्या वर्षी दीव येथे कोट बांधण्याची परवानगीही त्यांस मिळाली. हुमायूनचे संकट लवकरच टळले. पण १५३७ त त्याच दीवच्या पाण्यात पोर्तुगीजांशी झालेल्या चकमकीत सुलतान प्राणास मुकला. वसई मात्र पोर्तुगीजांकडे दोनशे वर्षे राहिली. त्यांना सुलतानाच्या अडचणीत एक उत्तम बंदर दिसले होते, आणि तेवढेच त्यांनी घेतले.

१६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी घेतली. वसईच्या फिरंग्यांना आता अगदी उंबरठ्याशी एक नवा शेजारी आला. हा शेजारी इतर देशी राजांसारखा केवळ घोड्यावर बसणारा नव्हता. त्याने कल्याण-भिवंडीच्या खाडीत लढाऊ गलबते बांधण्यास आरंभ केला, आणि विशेष हे की, त्यासाठी कारागीर नेमले ते पोर्तुगीज. रुई लैतांव व्हियेगस व त्याचा भाऊ हे त्या कामावरचे मुख्य. त्यांच्याबरोबर बायकापोरांसह तीनशेहून अधिक माणसे होती. ही गलबते जंजिऱ्याच्या सिद्द्यासाठी आहेत, असे बाहेर सांगण्यात येत असे. सिद्दी हा पोर्तुगीजांच्याही डोळ्यातील कुसळ असल्याने त्यांनी याबद्दल आनंद मानावयास हरकत नव्हती. तथापि वसईच्या अधिकाऱ्यांनी निराळा विचार केला. आज सिद्द्यावर जाणारे आरमार उद्या आपल्या तारवांकडे पास मागेल, हे त्यांना स्पष्ट दिसले. १६५९ च्या सुमारास त्यांनी आतून बोलणे लावून व्हियेगस व त्याच्या माणसांस फोडले, आणि ती मंडळी काम अर्धवट टाकून गुपचूप निघून गेली. गलबते त्यानंतरही बांधली गेलीच. हातांखाली शिकलेले कोळी-भंडारी व स्थानिक सुतार-लोहार कोठे पळून जाणार होते?

मराठी राज्याच्या समुद्रावरील बळाचे खरे मोल प्रथम कोणी ओळखले असेल तर ते या फिरंग्यांनी. शत्रूच्या भीतीत जितका आदर असतो, तितका मित्राच्या स्तुतीत पुष्कळदा नसतो.

इंग्रजांचा प्रवेश या नाटकात लग्नाच्या वऱ्हाडातून झाला. १६६१ साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचे पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न ठरले व मुंबई बेट आंदण म्हणून देण्याचे कबूल झाले. त्याच्या बदल्यात पोर्तुगालच्या हिंदुस्थानातील मुलखाचे रक्षण इंग्रजांनी करावे, असा करार होता. लिस्बनच्या दरबारास इंग्रजांमध्ये तारणहार दिसत होता. वसईत व गोव्यात राहणाऱ्या पोर्तुगीजांना मात्र त्याच इंग्रजांमध्ये बंदर बळकावणारा व्यापारी दिसला. त्यांनी बेट देण्याचे तीन-चार वर्षे लांबणीवर टाकले. अखेरीस १६६५ त ते दिले, तेही आखडत्या हाताने. आंदणात साष्टी व ठाणे येतात की नाही, हा वाद चालूच राहिला. ठाण्याच्या नाक्यावर मुंबईच्या नावांवर पोर्तुगीज जकात घेऊ लागले. दोन सोयऱ्यांमधील हा रोजचा कज्जा पाऊणशे वर्षे चालला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे : जे राज्य राजधानीतून पाहिले असता मित्र दिसते, तेच सरहद्दीवरच्या माणसाला शेजारी दिसते, आणि या दोन दृष्टी क्वचितच जुळतात.

मुंबईच्या इंग्रजांस साष्टीची हाव का असावी, हे थोडे सांगणे जरूर आहे. मुंबई हे त्या काळी उघडे-बोडके, दलदलीने भरलेले बेट. खाण्यास धान्य पुरेसे नाही, बांधण्यास लाकूड नाही. भात साष्टीत पिके. लाकूड कल्याण-भिवंडीच्या बाजूच्या रानांतून येई. आणि देशावरचा माल घाट उतरून कल्याणास आला की ठाण्याच्या खाडीने खाली जाई. म्हणजे ठाणे हे मुंबईच्या कोठाराचे कुलूप होते. किल्ली ज्याच्या हाती, त्याच्याशी गोड बोलणे मुंबईकर इंग्रजांस भाग होते, मग तो पोर्तुगीज असो की मराठा.

१७३७ त चिमाजीआप्पाच्या फौजांनी ठाणे घेतले व १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. या दोन वर्षांत मुंबईकर इंग्रजांनी जे धोरण ठेवले ते मोठे बोधप्रद आहे. वेढ्यात सापडलेल्या वसईने सोयऱ्याकडे मदत मागितली. मुंबईच्या कौन्सिलाने विचारांती पंधरा हजार रुपये दिले. पण कर्जाऊ, आणि तारणासाठी देवळांतील चांदीची भांडी व पितळी तोफा घेऊन! वेढलेल्या किल्ल्याच्या तोफा गहाण ठेवून घेणारा दोस्त जगाच्या इतिहासात विरळाच सापडेल. पोर्तुगीज आता बुडते जहाज आहे हे इंग्रजांनी ताडले होते आणि बुडत्या जहाजावर भांडवल कोण घालतो?

वसई पडताच त्यांचे लक्ष नव्या मालकाकडे वळले. कॅप्टन इंचबर्ड चिमाजीआप्पाकडे गेला व जुलैमध्ये व्यापाराचा तह करून आला. त्याच वर्षी कॅप्टन गॉर्डन साताऱ्यास शाहू महाराजांच्या भेटीस गेला. त्याच्या हाती नजराणा व अभिनंदनाचे पत्र होते, आणि खिशात दुसरी एक सूचना होती : दरबारात बाजीरावाच्या विरुद्ध कोण कोण आहेत, ते पाहून यावे. गॉर्डन परत आला तो मराठी मुलखाची, शेतीची व दरबाराची पुष्कळ माहिती घेऊन. मुंबईकरांच्या नजरेत मराठी राज्य ही आता एक प्रबळ सत्ता होती, जिच्याशी लढता येत नाही, म्हणून जिचे सांधे शोधून ठेवावयाचे.

टोपीकरांच्या या स्वभावाची जाणीव मराठी राज्यात कोणासच नव्हती असे मात्र नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात, हे सावकार इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या मागे यांचे राजे आहेत, यांस समुद्राजवळ व किल्ल्यालगत जागा देऊ नये, असे स्वच्छ बजावलेले आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ही सूचना. ती पुण्याच्या दप्तरात होती की नव्हती याला महत्त्व नाही. तिच्याकडे पाहण्यास सवड कोणाला होती, हा प्रश्न आहे. कारण १७५५ साली नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांसच भागीदार करून घेतले, तेही आपल्याच दर्यासारंगाविरुद्ध. तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीत नव्हता, हे खरे. इंग्रजांनी १७५५ त सुवर्णदुर्ग घेतला व १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग जिंकून आंग्र्यांचे आरमार जाळून टाकले. विजयदुर्ग पेशव्यांस परत मिळाला. बाणकोट इंग्रजांकडे गेले. पेशव्यांना इंग्रजांमध्ये भाड्याने मिळणारे एक आरमार दिसले. इंग्रजांना पेशव्यांमध्ये, स्वतःचे आरमार जाळण्यास संमती देणारा धनी दिसला. या सौद्यात कोणाची दृष्टी अधिक दूरची होती हे सांगण्याची जरुरी नाही.

यानंतर साष्टी-वसईसाठी मुंबईकरांनी पुण्यास खेटे घालण्यास प्रारंभ केला. मॉस्टिन हा त्यांचा वकील १७६७ त थोरल्या माधवरावांकडे आला, व १७७२ त पुन्हा आला. माधवरावांनी त्याचा सत्कार केला, साष्टीचे नाव काढू दिले नाही. पण १७७२ त माधवराव वारले, १७७३ च्या ऑगस्टात नारायणरावांचा खून झाला, आणि रघुनाथराव गादीसाठी हिंडू लागले. मुंबईकरांस ज्या घटकेची वाट होती ती आली. रघुनाथरावांशी बोलणे चालू असतानाच बातमी आली की, आपली जुनी साष्टी परत घेण्यासाठी पोर्तुगीज गोव्याहून आरमार पाठवीत आहेत. हे ऐकताच मुंबईच्या कौन्सिलास धीर धरवेना. वास्तविक पुणे दरबाराशी इंग्रजांचे त्या वेळी युद्ध नव्हते. तरी १७७४ च्या डिसेंबरात जनरल गॉर्डन व कमोडोर वॉटसन ठाण्यावर चालून गेले. पोर्तुगीज तारवे मुंबईपुढे आली ती निषेधाचा कागद देऊन परत गेली. पहिला हल्ला किल्ल्यातील लोकांनी मारून काढला. वॉटसन गोळा लागून जखमी झाला व त्या जखमेनेच गेला. ३१ डिसेंबर रोजी किल्ला हल्ल्याने पडला आणि आतील शिबंदीपैकी बहुतेक माणसे कापली गेली. ही माणसे कोणा बड्या सरदारांची नव्हती. त्यांची नावे कोणत्याही तहनाम्यात नाहीत. शांततेच्या काळात, दोस्त म्हणविणाऱ्या राज्याकडून, वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्यांना मरण आले.

पुढे १७७५ च्या मार्चात सुरतेस रघुनाथरावांशी तह झाला व जी साष्टी आधीच घेतली होती ती या तहाने ‘मिळाली’. आता गंमत पाहा. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलाने हे सर्व प्रकरण अन्यायाचे, धोक्याचे व अधिकाराबाहेरचे ठरवून मुंबईकरांचे कान उपटले, आणि कर्नल अप्टन यास पुण्यास पाठविले. १७७६ च्या १ मार्चला पुरंदरचा तह होऊन रघुनाथरावांचा पक्ष सोडण्याचे ठरले. इतक्यात लंडनहून कंपनीच्या डायरेक्टरांचे पत्र आले, त्यात सुरतेचा तह मान्य! मुंबईस मराठी राज्य म्हणजे भाताचे कोठार व फुटलेला वाडा. कलकत्त्यास ते एक महागडे युद्ध. लंडनला हिशेबाच्या वहीतील जमेची बाजू. एकाच कंपनीचे हे तीन डोळे एकाच राज्याकडे तीन प्रकारे पाहत होते. ‘इंग्रजांचे मत काय होते’ असा प्रश्न विचारणाराने म्हणूनच आधी, कोणत्या गावच्या इंग्रजांचे, असे विचारावे. एक गोष्ट मात्र तिघांस मान्य होती : मुंबई, कलकत्ता व लंडन यांपैकी एकानेही साष्टी परत देण्याची भाषा केली नाही. पुरंदरच्या तहातही ती ठेवून घेण्याची मुभा राखलेली होती.

नाना फडणिसांनी हा सारा खेळ ओळखला होता. १७७७ त सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ चौलास उतरला व फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून पुण्यास आला. त्याने फौज, तोफा, कवायत शिकविणारे अधिकारी, सर्व काही कबूल केले. मोबदला म्हणून चौलचे बंदर. फ्रेंचांच्या दृष्टीने मराठी राज्य हा इंग्रजांच्या कुशीत खुपसावयाचा खंजीर होता. पण या गृहस्थाच्या शब्दामागे फ्रान्सचे बळ किती, याची शंकाच होती; तो बराचसा साहसी भटक्या निघाला. नानांस याचा वास आला नसेल असे वाटत नाही. तरी त्यांनी त्याला थाटाने वागविले, कारण पुण्यात फ्रेंच वकील हत्तीवरून हिंडतो आहे, या बातमीने मुंबईची झोप उडत होती, आणि नानांस फ्रेंच फौजेपेक्षा ती झोपमोडच अधिक उपयोगी होती. खेळ अंगाशीही आला. फ्रेंचांच्या भीतीचे निमित्त करूनच इंग्रजांनी पुन्हा युद्ध काढले. १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे त्यांचा पाडाव झाला, परंतु १७८० त त्यांनी कल्याण घेतले. मेमध्ये मराठ्यांनी ते परत घेण्याचा केलेला यत्न हार्टलेने मोडून काढला, आणि डिसेंबरात वसईही गॉडर्डच्या हाती पडली. दोन वर्षे कल्याणच्या व्यापाऱ्यास जकात कोणास द्यावी हेच कळेना.

१७८२ च्या मे महिन्यात सालबाईचा तह झाला. वसई, कल्याण मराठ्यांस परत मिळाली, साष्टी व ठाणे इंग्रजांकडे कायमची गेली. त्यात एक कलम असे होते की, पोर्तुगीजांची आहेत ती नाती सोडून दुसऱ्या कोणत्याही युरोपीय राष्ट्राशी पेशव्यांनी स्नेह ठेवू नये. हे कलम इंग्रजांच्या दृष्टीतील बदल दाखविते. पूर्वी त्यांना मराठ्यांचे बंदर हवे होते. आता मराठ्यांची मैत्री ही केवळ आपलीच असावी, असे त्यांस वाटू लागले. पोर्तुगीजांस सूट मिळाली, कारण त्यांची भीती उरली नव्हती!

यानंतरची दहा-बारा वर्षे या दोस्तीतील बरी वर्षे म्हणावी लागतील. चार्ल्स मॅलेट हा १७८६ त रेसिडेंट म्हणून पुण्यास आला. १७९० च्या जूनमध्ये टिपूविरुद्ध पेशवे, निजाम व कंपनी यांचा त्रिवर्ग तह झाला. त्या तहाची मंजुरी मॅलेट भरदरबारात सवाई माधवरावांस देत आहे, या प्रसंगाचे मोठे तैलचित्र प्रसिद्ध आहे. त्यासाठी अभ्यासचित्रे काढली जेम्स वेल्स या चित्रकाराने व चित्र पुरे केले टॉमस डॅनियलने १८०५ त, म्हणजे त्यातील बालपेशव्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. वेल्सने शनिवारवाड्यात चित्रशाळा काढून देशी चित्रकारांस शिकविले. पुढे साष्टीतील लेण्यांची चित्रे काढण्याच्या उद्योगात असतानाच तो १७९५ त वारला. या एका परकीयाने मराठी माणसांकडे मोजणीदाराच्या किंवा सावकाराच्या नव्हे, तर चित्रकाराच्या नजरेने पाहिले. त्याने रेखाटलेले नाना फडणिसांचे रुंद कपाळ व खोल डोळे आजही त्यांचे खरे रूप म्हणून ओळखले जातात. एरवी या काळातही मॅलेटचे बातमीदार पुण्यात होतेच, आणि नानांचेही मुंबईत. १७९५ त खर्ड्याच्या लढाईवेळी कंपनीने आपला दुसरा दोस्त निजाम यास मदत नाकारली, तेव्हा कंपनीच्या वचनाची किंमत नानांस पुन्हा एकदा समजली असेल.

नाना १८०० त वारले. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पुण्याची फौज उधळली, दुसरे बाजीराव कोकणात पळाले व इंग्रजी जहाजातून वसईस आले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे तह झाला. तारीख पाहावी : ठाणे पडल्याला त्या दिवशी बरोबर अठ्ठावीस वर्षे झाली. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा शत्रू, असा गोड आरंभ करून पुढे कबुली अशी की, पेशव्यांनी कंपनीची किमान सहा हजार पायदळाची फौज कायम बाळगावी, तिच्या खर्चासाठी सव्वीस लक्षांचा मुलूख द्यावा, आणि परराज्यांशी बोलणे कंपनीच्या विचारानेच करावे. वसईच्या कोटाने असा तह दुसऱ्यांदा पाहिला. बहादूरशहाने मित्र विकत घेण्यासाठी वसई दिली होती; बाजीरावांनी वसईत बसून राज्य दिले.

विशेष हे की, या तहाने खुद्द इंग्लंडातही सर्वांचे समाधान झाले नाही. लॉर्ड कॅसलरे याने १८०४ त लिहिलेल्या टिपणात, मराठ्यांच्या अंतर्गत भांडणांत कंपनी या तहाने अकारण गुंतली, असा आक्षेप घेतला. आर्थर वेलस्ली यास त्याचे सविस्तर उत्तर लिहावे लागले. मित्र फार दुबळा असला तर तो गळ्यातील धोंड होतो, ही कॅसलरेची दृष्टी. मित्र दुबळा आहे म्हणूनच तो उपयोगाचा, ही वेलस्ली बंधूंची.

हा दुबळा मित्र कसा वागविला गेला याची साक्ष ठाण्याच्या किल्ल्यातच आहे, जो आज मध्यवर्ती कारागृह म्हणून वापरात आहे. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली होती; त्यांचा १८१५ च्या जुलैत पंढरपुरास खून झाला. बाजीरावांचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यास इंग्रजांनी मागून घेतले व ठाण्यास ठेविले. पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई, हेतू हा की कैद्याची भाषा पहारेकऱ्यास कळू नये. परंतु कळणार नाही ती भाषा ऐकूही येत नाही. एका अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार खिडकीखाली घोड्यास खरारा करताना गाणी म्हणे, आणि गोऱ्यांच्या देखत त्या गाण्यांतून त्रिंबकजीस निरोप पोचे, अशी कथा बिशप हेबरने चुनार येथे कैदेत असलेल्या त्रिंबकजीस १८२४ त पाहिल्यावर लिहून ठेविली आहे. १८१६ च्या सप्टेंबरात, ऐन पावसात, त्रिंबकजी ठाण्याहून निसटला. एल्फिन्स्टनने याचे खापर बाजीरावांवर फोडले, पुण्याभोवती फौज उभी केली, आणि १३ जून १८१७ रोजी नवा तह सहीस पुढे ठेविला. त्या तहाने कल्याणासह उत्तर कोकण कंपनीकडे गेले. आणि परराज्यांच्या दरबारी वकील पाठविण्याचा व त्यांचे वकील आपल्याकडे ठेवण्याचा पेशव्यांचा हक्कही त्याच कागदाने संपला.